पाटीवरचा नंबर

जाम
२१ जून २०२५

प्रिय गोपिका,

डोमाजीच्या टेम्पोतून तू पाठवलेली वांगी अन् तुझे कागद, दोन्ही पोहोचले. वांगी आईनं लगेच भरली, कागद मी स्कॅन केले. तुझ्या मार्कशीटले मेथीचा वास येऊन राह्यला होता, पण स्कॅनरले नाक नसते, म्हणून निभावलं.

नर्सिंगचा फॉर्म भरला बाई तुझा. आज दिवसभरात हा अकरावा. जामच्या चौकात आपलं एकच ऑनलाइन सेंटर, म्हणून साऱ्या गावची पोट्टी-पोट्टे इथंच येऊन बसतात. बाबा समोर चहा पीत राहतात अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगतात, "आमची मंजूच पाहते सारं." पाहते म्हणजे काय, राबते.

आता नीट वाच. फॉर्ममध्ये मोबाईल नंबर लागतो. तुझ्याजवळ मोबाईल नाई. तुझ्या बाबाचा टाकला असता, पण ते वावरात, अन् ओटीपी आला तर "कोण आहे बे हा" म्हणून पुसून टाकतील. म्हणून आपल्या दुकानाचा नंबर टाकला, पाटीवर रंगवलेला आहे तोच. तो मोबाईल माझ्याच हातात असते. लॉगिन करा, काही बदलवा, काही सोडा, दर वेळेस त्या नंबरवर आकडा येते अन् तो टाकल्याशिवाय गाडी समोर सरकत नाई. पासवर्ड तू चिठ्ठीवर देला तोच ठेवला. तुले काही करा लागत नाई. बाकी माझ्यावर सोड.

माझाही फॉर्म भरला. पहिली पसंती दोघींची एकच, वर्ध्याचं कॉलेज. दोघींचा नंबर लागला तर एकाच खोलीत राहू. आत्याले नमस्कार सांगजो.

तुझी मंजुषा

---

केळझर
२४ जून २०२५

मंजू,

तुहं पत्र रिकाम्या कॅरेटात, खालच्या कागदाच्या आतमधी सापडलं. डोमाजी म्हणे, "पोस्टमन केलं तुमी मले, पगार कोण देईन?" मी त्याले दोन काकड्या देल्या.

तू फॉर्म भरला, तुहे उपकार मी कसे फेडू हे मले समजत नाई. मामाची पोट्टी म्हणून नाई म्हणत, खरंच म्हणते. आमच्या घरी मोबाईल एकच, तो बाबाच्या खिशात. बोलाचं तर साऱ्यायच्या समोर, अन् बाबा मधात विचारते, "काय म्हणते?" म्हणून मले पत्रच बरं वाटते.

बाबानं काल जेवतानी सांगून टाकलं. एकदा. या वर्षी लागला नंबर तर शिकजो, नाई लागला तर वावर आहे अन् तू आहे. पुंडलिकरावचा शब्द म्हणजे गावात सारे ओळखते, फिरत नाई. माय भाकर थापत राह्यली. मले पाचवीपासून नर्स व्हाचं आहे मंजू. आजीच्या पायाले गँगरीन झालं तवा ती सरकारी दवाखान्यातली सिस्टर कशी हात लावे, ते मी रोज पाह्यलं. मले दुसरं काही येतही नाई अन् करावंही वाटत नाई.

पासवर्डचं एक सांगते, हासू नको. आमच्या सेलूच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारे नागसेन सर, त्यायनं एक पुरा तास त्याच्यावर घेतला. दुसऱ्याच्या नावानं लॉगिन करणं म्हणजे त्याचे कपडे घालून त्याच्या घरात शिरणं, म्हणे. मंग साऱ्यायले एकेक पक्का पासवर्ड बनवाले लावला अन् वह्या तपासल्या. माह्यापाशी आले तर लाल शाईनं लिहलं, "उत्तम." अन् म्हणाले, आता हे पान घरी जाऊन फाडा, अन् हा पासवर्ड कुठंच वापरू नका, हा सरावाचा आहे. मी फाडलं नाई. मार्क लय भेटले मले, पण अक्षरात "उत्तम" कोणी लिहलं नव्हतं. तोच पासवर्ड मी तुले देला. सख्ख्या भावालेही सांगू नका म्हणे सर. पण तू काय परकी आहे काय?

गोपिका

---

जाम
१० ऑगस्ट २०२५

प्रिय गोपिका,

काल राखीले बाबासंग आली, तुझ्या हातची पुरणपोळी खाल्ली, रात्री तुझ्याच बाजूले झोपली, पण तोंडातून निघालं नाई. आत्यासमोर, तुझ्या बाबासमोर कसं सांगू? म्हणून लिहून राह्यली.

६ तारखेले पहिली यादी लागली. तुझं नाव नाई. माझंही नाई. मी चार वेळा पाह्यलं, चष्मा पुसून पाह्यलं. यंदा मेरिट लय वर गेलं म्हणतात, तुझ्या ८१ टक्क्यांले कोणी विचारत नाई तर माझ्या ६४ चं काय घेऊन बसली.

रडू नको. नशिबात असंल ते आपल्या पायानं चालत येते. दुसरी यादी आहे अजून, पण तिची आस लावून बसू नको, पहिलीत नाई लागलं त्याचं दुसरीत कठीणच. घरी सांगून मोकळी हो, म्हणजे रोज रोज विचारणार नाई कोणी.

तुझी मंजुषा

---

केळझर
१२ ऑगस्ट २०२५

मंजू,

मी घरी सांगतलं. बाबा म्हणाले, "बरं." अन् उठून मोटर चालू कराले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी माह्या हातात विळा देला.

पण आज एक भलतंच झालं. वांगे घेऊन रोडवर उभी होती, तर नागसेन सरची गाडी थांबली. म्हणे, "गोपिका, पेढे कुठं आहेत?" मी म्हटलं कायचे पेढे. ते म्हणे, वर्ध्याच्या कॉलेजची पहिली यादी त्यायनं सहा तारखेले स्वतः पाह्यली, आपल्या कॉलेजातून कोण लागलं म्हणून. त्यात माहं नाव होतं. सतराव्या नंबरले. मी म्हटलं नव्हतं सर, माह्या बहिणीनं चार वेळा पाह्यलं.

मंजू, यादी दोन असते का? तू कोणती पाह्यली? लवकर लिहजो. डोमाजी परवा ढाब्यावर माल द्याले जामले येऊन राह्यला, त्याच्याच हाती पाठवजो.

गोपिका

---

जाम
१४ ऑगस्ट २०२५

गोपिका,

डोमाजी बाहेर हॉर्न वाजवून राह्यला, म्हणून घाईत लिहते. पण पुरं वाच.

तुझं पत्र वाचल्याबरोबर मी तुझं लॉगिन उघडलं. सर खरं बोलले. तुझं नाव होतं. पण ८ तारखेले कोणीतरी तुझ्या नावानं शिरून "मले ही जागा नको" असं कळवून टाकलं. म्हणून मी पाह्यलं तवा तू दिसली नाई. एकदा सोडलेली जागा वापस भेटत नाई, मी हेल्पलाइनले विचारलं.

आता तू डोकं शांत ठेवून इचार कर. तुझा पासवर्ड कोणाले माहीत होता? तुले, मले, अन् ज्यानं तुझी वही तपासून लाल शाईनं "उत्तम" लिहलं त्याले. मी का तुझं वाईट करीन? अन् सहा तारखेले तुझ्या यादीवर नजर ठेवाचं त्याले काय कारण होतं? पोरींच्या वह्या घेऊन पासवर्ड पाहते, हे कोणत्या मास्तरचं काम आहे? अन् तो माणूस आपल्यातला थोडीच आहे, त्यायचीही पोरं रांगेत असतात. मी नाव घेत नाई, तुले समजते.

ते पान फाडलं नाई हे देवानंच केलं. अर्जाले तेच पान जोडजो. अर्जात असं लिहजो: "सदर शिक्षकांनी माझा पासवर्ड वहीत लिहून घेतला व त्याचा गैरवापर करून माझा प्रवेश रद्द केला." खाली तुझी सही, तुझ्या बाबाची सही. माझ्या बाबाले मी तिकडे पाठवते, ते सोबत राहतील. माझं नाव मधात आणू नको, दुकान आहे, लोक उगाच संशय घेतात. हे पत्र वाचून फाडून टाकजो.

मंजुषा

---

केळझर
३० ऑगस्ट २०२५

मंजू,

तू सांगतलं तसं झालं. बाबा, मामा अन् मी, तिघं प्राचार्यायच्या खोलीत गेलो. सरले बोलावलं. ते पान टेबलावर ठेवलं. सरनं पाह्यलं अन् म्हणाले, "हे फाडायचं होतं ना गोपिका?" मंग ते काहीतरी टेक्निकल सांगत होते, पण बाबानं बोलू देलं नाई. मामाही लय बोलला. सर तासिकेवरच होते, पक्के नव्हते. चार दिवसात त्यायचे तास काढून घेतले. गावात सारे म्हणते, बरं झालं.

मामाच सांगत होता, दुसऱ्या यादीत वर्ध्याले तुहं नाव लागलं म्हणून. अभिनंदन. माय देवाजवळ साखर ठेवून आली.

मी आता वांगे तोडाले जाते. हाताले काटे लागते म्हणून पत्र लहान.

गोपिका

---

बोरगाव मेघे, वर्धा
२० सप्टेंबर २०२५

प्रिय गोपू,

रागावली का? तीन हप्ते झाले, एक ओळ नाई. मी आता हॉस्टेलवर आहे. इथं पहिल्या वर्षाले मोबाईल जमा करून घेतात, रविवारी अर्धा तास देतात, म्हणून दुकानाचा मोबाईल घरीच ठेवून आली. आता मीही तुझ्यासारखी पत्रवाली झाली. गेटजवळच्या भाजीवालीकडे डोमाजी माल टाकते, तिच्याजवळ ठेवलं का मले भेटते.

युनिफॉर्म पांढरा आहे अन् त्याच्यावर निळी पट्टी. आरशात पाह्यलं तर मले तुझीच आठवण आली, खरंच. तुले हा किती शोभला असता. पण जे झालं ते झालं. त्या मास्तरनं केलं त्याची त्याले शिक्षा भेटली, आता तू मनातून काढून टाक. वावरातही काही वाईट नसते, मोकळी हवा असते. इथं तर डेटॉलच्या वासानं डोकं उठते.

एक काम आहे. ॲनाटॉमी माझ्या डोक्यावरून चालली. तुझी बारावीची बायोलॉजीची वही पाठवजो, आकृत्या तुझ्याच चांगल्या असतात. तुले आता तसंही तिचं काम नाई. संग थोडे वांगेही पाठवजो, मेसची भाजी पाहवत नाई.

तुझीच मंजू

---

केळझर
५ नोव्हेंबर २०२५

मंजू,

वही पाठवली. हृदयाची आकृती मधल्या पानावर आहे. वांगे यंदा किडले, म्हणून भेंडी पाठवली.

एक विचाराचं होतं. गावात लोक आता बोलाले लागले, का सर असं करणार नाई, जामच्या दुकानातच काही झालं असंल. मले असं कोणी म्हटलं का वाईट वाटते. ८ ऑगस्टले, म्हणजे राखीच्या आदल्या दिवशी, दुकानात गर्दी असंल. तो मोबाईल काउंटरवर पडून असंल, कोणी उचलून आकडा पाह्यला असंल, असं होऊ शकते काय? कोणी गिऱ्हाईक, कोणी ओळखीचा? तसं असंल तर मले सांगजो. मी कोणाले सांगणार नाई. मले फक्त समजून घ्याचं आहे. तू जे लिहशील ते मी मानीन.

गोपिका

---

बोरगाव मेघे, वर्धा
१२ नोव्हेंबर २०२५

गोपिका,

लोकायच्या तोंडाले कुलूप लावता येत नाई. पण तूही असं विचारशील असं वाटलं नव्हतं. ज्या ताटात जेवाचं त्यालेच छेद पाडाचा का?

ऐक. ८ तारखेले मी दुकानात नव्हतीच. आईचे डोळे दाखवाले हिंगणघाटले गेलती, सकाळी नऊची बस, संध्याकाळी वापस. अन् मोबाईल दिवसभर माझ्याच पर्समध्ये होता, एक मिनिट कोणाच्या हाती देला नाई. दुकानात कोणी उचलला असंल हा प्रश्नच नाई. माझ्या बाबाच्या दुकानावर बोट ठेवाचं काम नाई कोणाचं. सांग तुझ्या गावाले.

वही भेटली. हृदयाची आकृती मी माझ्या जर्नलमध्ये जशीच्या तशी उतरवली, मॅडमनं वर्गात दाखवली.

मंजुषा

---

केळझर
१८ नोव्हेंबर २०२५

मंजुषा,

मी तुले बाहेर पडाले दार उघडून देलं होतं. कोणी उचलला असंल म्हणाली असती तर मी तिथंच थांबली असती. खरंच थांबली असती. तू आतून कडी लावून घेतली.

आता मी सांगते अन् तू वाच. नागसेन सर कॉलेजातून गेले त्या दिवशी आमच्या घरी आलते. बाबा वावरात होते. सर दारातच उभे राह्यले, अंदर ये कोणी म्हटलं नाई. मायच्या हातात एक अर्ज देऊन गेले, टाइप केलेला, पाकिटावर पत्ता अन् तिकीटही लावलेलं. म्हणे, गोपिकाले सांगा, फक्त सही करून पोस्टात टाक. माह्या नावावर कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या नंबरवर आकडा गेला, ते प्रवेशाच्या ऑफिसातून मागवाचा अर्ज होता. मी एक महिना तो ज्वारीच्या कोठीत ठेवला. २६ सप्टेंबरले टाकला. तुहं वही मागणारं पत्र हाती पडलं त्याच्या तिसऱ्या दिवशी.

उत्तर २ नोव्हेंबरले आलं. ८ ऑगस्ट, सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. आकडा गेला त्या नंबरचे शेवटचे चार, ४१६१. तो नंबर मामाच्या दुकानाच्या पाटीवर हिरव्या रंगानं लिहला आहे. मी लहानपणापासून तोंडपाठ म्हणते. त्या वेळेस तो मोबाईल कोणाजवळ होता, ते तू तुह्याच अक्षरात लिहून देलं. अन् हिंगणघाटचं मामीले विचारलं. ती म्हणे डोळे दाखवाले दिवाळीत गेलो होतो. ८ तारखेले तर मंजूनं दुकानात जेवाचा डबा मागवला होता.

दुसऱ्या दिवशी तू आमच्या घरी पोळ्या खाल्ल्या. मी तुले तूप जास्तीचं वाढलं.

आता माह्याविषयी. मी आतापर्यंत तुह्यापासून एक लपवलं. प्राचार्यायच्या खोलीत सर जे टेक्निकल बोलले, ते मले पुरं समजलं होतं. ते म्हणाले, "नुसत्या पासवर्डनं हे होत नाही साहेब, ओटीपी कोणत्या नंबरवर गेला ते मागवा." बाबा खुर्चीवरून उठले, "माह्या साळ्याच्या पोरीवर घालतो का?" अन् सरनं बाबाकडे नाई, माह्याकडे पाह्यलं. मी मान खाली घातली. मले तुहं पहिलं पत्र आठवत होतं, दर वेळेस आकडा येते म्हणून तूच लिहलं होतं. मले तवाच समजलं मंजुषा. मी स्वतःले समजू देलं नाई. तू आपली होती अन् सर आपल्यातले नव्हते, म्हणून सोपं गेलं. सही मी एका झटक्यात केली. याची मले आता शरम वाटते, अन् ती जात नाई.

कुंपणानं शेत खाल्लं, पण कुंपणाले काटे मीच लावून देले.

तुही सारी पत्रं माह्याजवळ आहे. फाडून टाकजो म्हटलं तेही आहे, त्यात तर अर्जाचं वाक्यही तूच लिहून देलं. मोबाईलवर असतं तर तू कधीच पुसून टाकलं असतं. माही सवय तुले माहीत होती, मी लिहलेलं पान फाडत नाई. साऱ्यायच्या झेरॉक्स काढल्या. एक तुह्या कॉलेजले, एक प्रवेशाच्या ऑफिसले, एक आमच्या प्राचार्यायले. आज सकाळीच रजिस्टर केल्या.

गोपिका

---

बोरगाव मेघे, वर्धा
२३ नोव्हेंबर २०२५

गोपिका,

वापस घे. अजून वेळ आहे. लिहून दे का गैरसमज झाला.

अन् नाई घेत म्हणशील तर हेही ऐक. त्या मास्तरच्या तक्रारीवर सही तुझी आहे. माझी नाई. मी बुडाली तर तुले घेऊन बुडीन. खोटी तक्रार केली म्हणून तुलेही ओढतील, तुझ्या बाबालेही. मंग पुंडलिकराव कोणता शब्द घेऊन गावात फिरतात ते पाहू.

तुले काय वाटते, मले मजा वाटली? आठवीपासून मी त्या खुर्चीवर बसली आहे. दोनशे पोट्टे-पोट्टींचे फॉर्म भरले मी, कोणी डॉक्टर झालं, कोणी पोलीस झालं, मी तिथंच. ६ तारखेले तुझं नाव पाह्यलं तर मी खरंच खूश झाली, बाबाले आवाज देला. बाबा काय म्हणाले माहीत आहे? "गोपिका हुशारच आहे. तू आपलं दुकान सांभाळ." चहाचा कप ठेवून म्हणाले, माझ्याकडे पाह्यलंही नाई. दोन दिवस ते माझ्या डोक्यात फिरत राह्यलं. मी एक बटन दाबलं. एकच. ते दाबलं का काय होते ते मी पाहत होती. आकडा आला, टाकला, अन् स्क्रीनवर आलं, "धन्यवाद, गोपिका."

मले इथं येऊन तीनच महिने झाले. काल पहिल्यांदा एका म्हाताऱ्या बाईले सुई देली, तिले दुखलं नाई. मले हे येते गोपू. मले हे चांगलं येते. माझ्या पाया पडण्यानं काही होत असंल तर पडते.

मंजुषा

(या पत्राला उत्तर गेलं नाही.)

---

केळझर
१६ फेब्रुवारी २०२६

गोपिका,

दोन्ही बाबायनं अदलाबदल ठरवली, तू जामले दुकान पाहते अन् माझ्या खोलीत झोपते, मी इथं वावरात राबते अन् तुझ्या खोलीत झोपते. आत्या मले दोन वेळचं जेवण देते, बोलत नाई. तुझे बाबा सकाळी विळा देतात, तेही बोलत नाई. हातात काटे गेले आहेत, सुईनं काढते. गावात पोट्टे मांगून "धन्यवाद, गोपिका" म्हणून ओरडतात. ते पत्र त्यायच्यापर्यंत कसं पोहोचलं, मी विचारत नाई.

बाबानं मोबाईलले हात लावाची सोय ठेवली नाई. चौकशीवाल्यायनं या एका सालाचीच बंदी लावली, समोरच्या सालाचा फॉर्म भरता येते, बाबा "भर" म्हणाले. पण म्हणाले, मंजू कॉम्प्युटरसमोर बसणार नाई, तिचा फॉर्म गोपिका भरीन. नाई तर नाई. यंदा फॉर्म लवकर निघाले, याच महिन्याची २८ शेवटची तारीख आहे.

माझे कागद डोमाजीजवळ पाठवले. गोपू, मी हात जोडते. पासवर्ड तू बनव, पण मले कळव. नंबर आत्याच्या घरचा टाक, नाई तर डोमाजीचा टाक, कोणाचाही टाक.

मंजुषा

---

जाम
१९ फेब्रुवारी २०२६

मंजुषा,

कागद पोहोचले. तुह्या मार्कशीटले भेंडीचा चिकटा लागला होता, पुसून स्कॅन केली.

आधी जे झालं ते सांगते, म्हणजे तुले कोणी भलतं सांगू नये. तुही वर्ध्याची जागा रद्द झाली, ती रिकामीच राह्यली. मी ऑफिसात जाऊन विचारलं होतं. ते म्हणे, फेऱ्या संपल्या, आता ती कोणालेच भेटत नाई. सतराव्या नंबरच्या पलंगावर यंदा कोणी झोपत नाई. पोलिसात आपण गेलो नाई. घरचं आहे, घरात मिटवा म्हणे मामा, अन् बाबाही म्हणे. सरच्या वेळेस मात्र दोनच दिवसात अर्ज घेऊन गेलतो.

मी सरच्या घरी गेली होती, पुलगावले. भावाच्या मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात बसते ते. मी पाया पडाले वाकली तर मांगं सरकले. पाणी देलं. त्यायची बायको बाहेर आली नाई. प्राचार्यायनं वापस बोलावलं होतं, गेले नाई. मी म्हटलं सर, मले तवाच समजलं होतं. ते म्हणाले, "मला माहीत आहे. मी तुझ्याकडेच पाहत होतो." मंग एका मोबाईलचा स्क्रू फिरवत राह्यले. मी निघाली तर एवढंच विचारलं, "आता पान फाडलं का?" मी म्हटलं, सर, ते तुमच्या तक्रारीले जोडलं आहे, फाइलीत आहे. मी बसस्टॉपवर बसून रडली, पण रडून काय होते.

मामा समोर चहा पीत बसते अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगते, "आमची गोपिकाच पाहते सारं." ऐकतानी मले तुही आठवण येते. हे खोटं नाई लिहत. बाप असा नसावा.

माहा फॉर्म भरला. त्याले मी नवीन सिम घेतलं, माह्या नावाचं.

तुहाही फॉर्म आज सकाळी भरला. वर्ध्याचं कॉलेज पहिल्या पसंतीले टाकलं. डोमाजीचा नंबर टाकला नाई, तो बिचारा कुठं आकडे सांभाळीन. आमच्या घरचाही टाकला नाई, बाबा पुसून टाकते. दुकानाचा टाकला, पाटीवर रंगवलेला आहे तोच. तो मोबाईल आता दिवसभर माह्या हातात असते. पासवर्ड मी बनवला, चांगला पक्का आहे, तुले सांगत नाई. सरनं शिकवलं होतं, सख्ख्या भावालेही सांगू नका.

मी तुह्यासारखं करणार नाई, असं डोमाजीनं तुले सांगतलं असंल. मीही स्वतःले रोज सांगते. काही दिवशी मले पटते, काही दिवशी नाई. मोबाईल वाजला का मी पाटीकडे पाहते.

तुले काही करा लागत नाई. वांगे नीट तोडजो, देठ ठेवून. बाकी माह्यावर सोड.

यादी ऑगस्टात लागते. तुहं नाव आलं का नाई, ते मी तुले पत्रानं कळवीन.

गोपिका